बापाच्या गळ्यातली कवड्यांची माळ

मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं, हे मुकुंदवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. उरलेल्या निम्म्यात थोडं पाणी असतं. त्याला माझा इलाज नाही. उमेदीची सगळी वर्षं मी सायकलवरून शहरात दूध घातलंय, आणि दूध घालणाऱ्या माणसाला दोन गोष्टी न शिकवता येतात: एक पाणी, दुसरी गोष्ट. गिऱ्हाइकानं दूध पातळ का म्हणून विचारलं की मी म्हशीच्या मनाची अवस्था सांगायला बसायचो. एका बाईंना सांगितलं होतं की आमची म्हैस रेल्वेचं इंजिन बघून दिवसभर रडत होती, ते डोळ्यातलं पाणी दुधात उतरलं. त्या माउलीनं म्हशीसाठी अर्धी भाकरी बांधून दिली. ती मीच खाल्ली, पण म्हशीची आठवण काढून खाल्ली.

तेव्हा पुढं जे सांगतोय त्यात पाणी कुठं आहे ते तुमचं तुम्ही ओळखा. माझ्या आईबापानं एकमेकांशी जे बोलणं केलं, त्यात मात्र थेंबभर नाही.

आमचं घर मूळचं मेंढरांमागचं. कन्नडच्या घाटमाथ्यावर माझ्या आज्याची एवढी मेंढरं होती की पहिलं मेंढरू पाण्यावर पोचायचं तेव्हा शेवटचं काट्यांच्या वाडग्यातनं उठून आळस देत असायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि बाप म्हणायचा त्याप्रमाणं त्याच्या पाठोपाठ चराईची रानंही गेली. जिकडं तिकडं नांगर आला. मग बापानं मेंढरं विकून म्हशी घेतल्या आणि मुकुंदवाडीच्या स्टेशनाजवळ गोठा घातला. शहर चहा प्यायला लागलं होतं आणि चहाला दूध लागतं, एवढं त्याला न शिकता कळलं.

बाप सहा फुटी, मिशी धरून साडेसहा. त्याला एकच दुखणं होतं: मागता यायचं नाही. द्यायला हात सैल, पण मागायचं म्हटलं की घसा बसायचा. काडेपेटी संपली तर शेजाऱ्याला काडी मागण्याऐवजी तो स्टेशनावर जाऊन इंजिनातल्या निखाऱ्यावर विडी पेटवून यायचा. एकदा विहिरीत पडला. वर माणसं होती, माणसांच्या हातात दोर होता, पण "दोर टाका" म्हणायला जीभ वळेना. तेव्हा विहिरीचं पाणी चढून काठाला येईपर्यंत तो पोहत थांबला. पावसाळा होता म्हणून निभावलं.

आईचं उलटं. तिचं मागणं हेच व्रत होतं. ती देवीची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, हातात वेताची परडी, आणि मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा. दारात उभं राहून "आई राजा उदो उदो" म्हणायचं, मग घरातली बाई पसाभर पीठ, नाहीतर मीठ, नाहीतर दिव्यापुरतं तेल घालायची, आणि आई परडीतलं कुंकू तिच्या कपाळाला लावायची. त्या पिठावाचून आमची चूल अडत होती असं नव्हे. पण देवीपुढं प्रत्येकानं मागणारा व्हायचं असतं, मागितलं की ताठा मोडतो, असा त्यामागचा विचार. बाप हे ऐकायचा आणि म्हशीला खरारा करायचा. आपला ताठा म्हशीच्या पाठीत आहे, तिथंच तो मोडू, असं त्याचं चालायचं.

माळ आईला तिच्या आईकडून आली होती, सिल्लोडकडून. माळेचा एक नेम होता. माळ खुंटीला टांगायची नाही. एका गळ्यातनं उतरली की त्याच घडीला घरातल्या दुसऱ्या गळ्यात गेली पाहिजे, आणि ज्याच्या गळ्यात माळ त्याच्या पायात पाच घरं. ॲक्शनच्या आधीच्या त्या धामधुमीत लोकांनी सोनं भिंतीत चिणलं, विहिरीत सोडलं, गोवऱ्यांत थापलं. आजीनं काहीच लपवलं नाही. लुटणारे आले, पाटल्या नेल्या, हंडा नेला, जाता जाता आडाचा रहाट नेला, आणि गळ्यातल्या कवड्यांकडं बघून हसले. कोण होते ते आजी कधी सांगायची नाही. म्हणायची, लुटणाऱ्याला जात नसती. लोकांचं चिणलेलं सोनंही बरंचसं गेलं. कवड्या राहिल्या.

तशी कवडी आमच्याकडं कुठं नव्हती? बैलाच्या गळ्यात होती, म्हशीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होती, लमाणांच्या बायांच्या ओढणीला होती. तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला होती. लग्नात नवरानवरीला समोरासमोर बसवून कवड्यांची एकी-बेकी खेळायला लावायचे, आणि नवरी जिंकली की सासरची माणसं गप व्हायची. पोटात जळजळलं की वैदू कवडी भाजून तिची राख लिंबाच्या रसात द्यायचा. खुलताबादच्या वाटेला हातकागद करणारे होते, ते म्हणे मुठीएवढ्या कवडीनं कागद घोटायचे, इतका की त्यात बघून मिशी कोरता यावी. बाप तर सांगायचा की त्याच्या आज्यानं बाजारात कवड्या मोजून गूळ आणला होता. केवढा गूळ, ते तो दर वेळी वेगळं सांगायचा. माझा गुण कुठून आला ते यावरून कळेल.

आणि इतकं असूनही ही वस्तू येते कुठून, याचा आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता. बापाचं म्हणणं, ती तुळजापूरच्या डोंगरात पिकते; वेरूळकडच्या माळावर दगड फुटला की पोटातून गारगोटी निघते, तशी. आईला वाटायचं ते देवीच्या बागेतल्या झाडाचं बी आहे, आपल्याकडं रुजत नाही एवढंच. मी लहान बहिणींना सांगून ठेवलं होतं की हे उंटाचे दात. दोघी सासरी जाईपर्यंत त्या उंट दिसला की त्याच्या तोंडाकडं बघत.

खरं काय ते मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. कॉलेजात प्राण्यांबद्दल शिकवून निवृत्त झालेले एक सर होते, एकटे राहायचे. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठिपक्याठिपक्यांची एक कवडी ठेवलेली, माझ्या मुठीएवढी. सांगताना मी ती नारळाएवढी सांगतो. सर म्हणाले, ही गोगलगाय आहे. उबदार समुद्रात पोवळ्याचे खडक असतात, त्यांच्या कपारीत राहते. दिवसा दडून बसते, अंधार पडला की चरायला निघते. चालताना आपल्या अंगाची मऊ चादर बाहेर काढून घरावरून ओढून घेते, आणि जन्मभर त्या चादरीनं घर पुसत राहते. म्हणून कवडी एवढी चकचकते. कुणी घासलेली नसते, राहणारीनंच सारवलेली असते. आणि पुढं त्यांनी हेही सांगितलं की बेटांवरची माणसं ओहोटीला त्या वेचतात, आतला जीव सडून जाईपर्यंत वाळूत पुरून ठेवतात, मग धुऊन विकतात.

मी घरी येऊन सांगितलं. आमच्यात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतके दिवस खोटं बोलायचास तवा जरा तरी पटायचं."

आईनं मात्र गळ्यातली माळ तशीच हातात धरून एकेक कवडी बघितली. मग तिनं विचारलं, "हिचं घर आपण घेतलं. मग ती कुठं गेली?"

मी म्हणालो, तिनं मोठं घर बांधलं, पोरंबाळं वाढली होती ना. वाळूतलं सांगितलं नाही. जन्मभर फुकटचं खोटं बोललो, त्यात हे एक कामाचं.

"बरं झालं," आई म्हणाली. "एवढ्यांची घरं गळ्यात घालून मी आपली पाच घरं फिरते, म्हणजे बघ."

मग आईचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग शेक झाला, मग कवडीची राखही झाली. ती काही बोलायची नाही, पण धार काढताना मध्येच थांबून म्हशीच्या पोटाला डोकं टेकायची. शेवटी शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेली. पोटात गाठ निघाली. पपईएवढी असं मी सगळ्यांना सांगायचो, कारण पपईएवढी म्हटलं की लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी मला व्हरांड्यात घेऊन सांगितलं की गाठ काढता येईल, पण आता दिवस घालवू नका. शनिवारी सकाळी करू.

आईच्या शेजारच्या खाटेवर सिल्लोडची एक म्हातारी मुसलमान बाई होती. सगळा वॉर्ड तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. दोघींचं गाव एका बाजाराचं निघालं आणि तासाभरात त्यांनी त्या बाजारातल्या सगळ्या जिवंत-मेलेल्या माणसांचा निकाल लावला. आईला तिथं करमायला लागलं. तेवढ्यात गुरुवारी सिस्टर आली आणि सांगून गेली की ऑपरेशनला अंगावर काही चालत नाही. बांगड्या, डोरलं, ती माळ, सगळं काढून घरच्यांकडं द्या.

आईनं बांगड्या काढल्या. डोरलंही काढून माझ्या हातात ठेवलं, धुण्याचा पिळा ठेवावा तसं. माळेला हात लावला तर म्हणाली, ही नाय.

सिस्टरनं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. आई त्यांच्याशी फार नम्रपणे बोलली. तुमचं बरोबर हाय साहेब, म्हणाली, पण ही काढून ठेवायची वस्तू नाय. आत न्यायची नसंल तर घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात जाऊ द्या, आणि तो उद्या शुक्रवारची पाच घरं करू द्या. माळ बिनजोगव्याची ठेवून मी तिकडं झोपणार नाय. मला झोपवून तुम्ही काय बी काढाल, पण मीच उठले नाय तर?

डॉक्टरांनी हातातला कागद मिटला आणि आमच्याकडं बघितलं.

बहिणी सासरी, त्यांच्या घरचे देव वेगळे. मी मान पुढं केली. आईनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू नको. तू दोन घरं करून सात सांगशील."

खाला इतकी हसली की तिची सलाईनची बाटली हलली.

बाप खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं फक्त फेटा काढून काखेत धरला आणि वाकला. आईनं त्याच्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्याचं डोकं तिच्या हाताच्या उंचीला आलेलं तिनं पहिल्यांदाच बघितलं असावं.

"तोंडानं मागावं लागतं," ती म्हणाली. "नुसतं दारात उभं राहून चालत नाय."

"व्हय."

"पाच घरं. एक बी कमी पडलं तर शनिवारी मी इथनं उठून चालत घरी यीन."

"व्हय म्हणलं की."

आईनं माळ काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. माळ तिच्या छातीवर रुळायची, बापाच्या ती जेमतेम गळ्याखाली आली. तिचा गळा इतका रिकामा दिसत होता की मी खिडकीबाहेर बघितलं.

शुक्रवारी सकाळी धारा काढून, अंघोळ करून बाप निघाला. हातात परडी, मागं मी सायकल घेऊन. पहिलं घर शेजारच्या गवंड्याचं. बाप दारात जाऊन उभा राहिला. उभा कसा, जप्ती आणल्यासारखा. गवंड्याची बायको बाहेर आली, तिनं बघितलं, आणि विचारलं, "काय मामा, म्हैस शिरली का आमच्या कोथिंबिरीत?"

बाप म्हणाला, नाय.

तिनं चहा दिला. त्यानं चहा पिला, बशी पालथी घातली आणि परत आला.

मी म्हणालो, आबा, हे धरता येणार नाही. तो म्हणाला, ठाऊक हाय. मग गोठ्यात गेला आणि म्हशींपुढं उभा राहून म्हणायला लागला. पहिला "उदो" त्याच्या तोंडातून असा निघाला की दावणीची म्हैस उठून उभी राहिली. दुसरा जरा बरा निघाला. तिसऱ्याला त्या म्हशीनं शेपूट वर करून शेणाचा पो टाकला. मी म्हणालो, पहिलं घर झालं. बापानं माझ्याकडं बघितलं, आणि मी सायकलची साखळी तपासायला बसलो.

पुन्हा गवंड्याच्या दारात गेलो. या वेळी तो बोलला. आवाज जमिनीतून आल्यासारखा होता, पण शब्द होते: "आई राजा उदो उदो. जोगवा वाढ, माय." गवंड्याची बायको चुलीपुढून उठून आली ती तशीच थांबली. मग तिला त्याच्या गळ्यातली माळ दिसली आणि ती कुणाची आहे ते कळलं. तिनं सुपात पीठ आणलं, एक पसा घातला, मग आणखी एक घातला. हा मामींच्या नावानं, म्हणाली. बापानं परडीतलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं; सवय नव्हती, ते नाकापर्यंत आलं.

दुसरं घर गिरणीवाल्याचं. त्यानं चालू गिरणी बंद केली. मुकुंदवाडीत दुपारच्या आत गिरणी थांबली की लोक पळत येऊन विचारतात कोण गेलं. त्या दिवशीही आले, आणि माझ्या बापाला परडी पुढं केलेला बघून हळूच परत गेले. तिसरं घर रुळांवर काम करणाऱ्या गँगमनचं. चौथं ज्याचं, त्याच्याशी बाप एका रेड्यावरून कित्येक वर्षं बोलत नव्हता. तो स्वतः बाहेर आला, बापाच्या तोंडून जोगवा ऐकला, आणि घरातली तेलाची बुधलीच घेऊन आला. बाप म्हणाला, एवढं नाय, दिव्यापुरतं. तो म्हणाला, दिवा मोठा लाव.

मला वाटलं, जिंकलं. बापाची चालही बदलली होती. माळ चालण्याबरोबर वाजत होती.

पाचवं घर नव्यानं बांधलेलं, विटांचं. माणसं बाहेरून आलेली, ओळख नव्हती. बाप दारात उभा राहून म्हणाला. आतून एक नवी सून आली, हात पिठाचे, कडेवर मूल रडत होतं. तिनं नीट बघितलंही नाही. "पुढं व्हा, बाबा," म्हणाली आणि दार लोटलं.

तिचं काय चुकलं? कुणीही म्हणतं. मी स्वतः किती जणांना म्हटलंय. पण बाप तिथं उभा राहिला तो राहिलाच. मी म्हणालो, आबा, शेजारचं घर आहे, त्याच्या पलीकडं आणखी एक आहे, ओळखीचं. तो वळला आणि शेजारच्या घराकडं न जाता सरळ जालना रोडला लागला, दवाखान्याच्या दिशेनं. मी सायकल हातात धरून मागं. ऊन तापलं होतं. एस. टी. गेली, टांगे गेले, जीप गेल्या. आमचं दोघांचं चालणं आणि कवड्यांचा आवाज. मी आयुष्यात एवढा वेळ गप्प राहिलेलो नाही.

मग तो म्हणाला, "तुझ्या आईला असं कितींदा म्हणले असतील रं?"

मी सायकल या हातातून त्या हातात घेतली.

"घरी येऊन कधी बोलली नाय," तो म्हणाला.

वॉर्डात आई उशीला टेकून बसली होती. तिला नुसतं पाण्यावर ठेवलं होतं. सकाळी शेजारणीनं पाठवलेली भाकरी फडक्यात बांधलेली तशीच उशाशी होती. तिनं आधी माळेकडं बघितलं, मग परडीकडं, मग त्याच्या तोंडाकडं.

"किती झाली?"

बाप म्हणाला, "चार."

आईनं पांघरूण बाजूला सारलं आणि पाय खाली सोडले. मी पुढं झालो, खाला ओरडली, सिस्टर लांबून बघायला लागली. आई चप्पल शोधत होती. खरंच निघाली होती ती. आमच्या घरात दिलेला शब्द फिरवणारा मी एकटाच. ती दोघं बोलली की झालं.

तेव्हा बाप तिच्या खाटेपुढं सरळ उभा राहिला. परडी दोन्ही हातांनी पुढं धरली. आणि सगळा वॉर्ड ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाला, "आई राजा उदो उदो. जोगवा वाढ, माय."

आईचा पाय चपलेत तसाच राहिला.

"काय करताय," ती हळू म्हणाली. "आपल्याच घरी जोगवा मागत नसतात. चालत नाय ते."

"माझं घर मुकुंदवाडीला हाय," बाप म्हणाला. "ही खाट सरकारची हाय. मी या बाईच्या दारात आलोय."

आईनं खालाकडं बघितलं. का बघितलं कोण जाणे. देवीच्या नेमाचा निकाल तिनं खालाला विचारावा असं काही नव्हतं. पण खालानं दिला. "सच बोलता वो," ती म्हणाली. "पलंग सरकारका है, बाई. तुमारा घर इधर किधरसे आया? दे दो ना उसकू, कबका खड़ा है."

आईनं पाय वर घेतले. उशाजवळचं फडकं सोडलं. भाकरी शिजलेली, ती परडीत चालत नाही. तिनं भाकरी बाजूला ठेवली, फडक्याच्या टोकाला मीठ बांधलेलं होतं ती गाठ सोडली, आणि ते चिमूटभर मीठ पिठाच्या बाजूला घातलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि परडीला हात जोडले.

जोगवा घेतल्यावर कुंकू लावायचं असतं. बापाला आठवलं. त्यानं परडीतनं कुंकू घेतलं, आणि एवढ्या सगळ्या बाया बघत असताना, जो माणूस चारचौघांत बायकोशी कधी धड बोलला नव्हता, त्यानं तिच्या कपाळाला ते लावलं. या वेळी अगदी मधोमध लागलं.

"झाली पाच?" त्यानं विचारलं.

"झाली," आई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिचे खांदे हलत होते. खालानं मला डोळ्यांनी सांगितलं, जा बाहेर.

शनिवारी तिला आत नेलं. सिस्टरनं कपाळावरचं कुंकू पुसलं नाही; म्हणाली, तिथं कुठं चिरायचंय. बाप व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवा बसला, गळ्यात माळ, पुढ्यात परडी. आता यापुढचं मी कुणाला सांगितलं तर पाणी घातलंय म्हणतात, पण लोक खरंच यायला लागले. कुणाची सून आत होती, कुणाचं पोर. त्यांना वाटलं, देवीचा माणूस बसलाय. वाकायचे आणि आमच्या पेशंटला अंगारा द्या म्हणायचे. बाप पहिल्यांदा म्हणाला, मी तसला नाय. मग एक म्हातारा आला, नुसता हात पुढं करून उभा राहिला. बापानं त्याच्या तळव्यावर कुंकू ठेवलं. मग प्रत्येकाला देत गेला. परडीतलं कुंकू संपलं, तेव्हा पिठाची चिमूट द्यायला लागला, आणि कुणी नाही म्हटलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, चांगलं झालं, गाठ सगळी निघाली. बापानं त्यांचे पाय धरले. देवीची माळ घातलेला माणूस पाया पडतोय म्हणून ते ओशाळून मागं सरकले.

संध्याकाळी आईला शुद्ध आली. ओठ कोरडे, डोळे अर्धे. बाप खाटेजवळ वाकला. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग हात उचलून तिनं माळेला लावला, आणि काहीतरी बोलली. आम्हाला ऐकू आलं नाही. बाप आणखी वाकला.

"उलटी झालीया," आई म्हणाली. "मोठी कवडी पुढं घ्यायची असती. तुमची मानेवर गेलीया."

बापानं मानेमागं हात नेऊन चाचपलं. खरंच तिथं होती.

"कवापासनं?"

"काल आला तवापासनं."

"मग काल का नाय सांगितलं?"

आईनं डोळे मिटले. वाटलं झोपली. मग ती म्हणाली, "काल तुमी मागायला आलता. मागायला आलेल्या माणसाला नावं ठेवत नसतात."